वैशाखातली मारबत

भैय्याजी काटेखाये गुरुजी कशालाच भीत नाहीत, हे इटानटोलीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नसून चालतच नव्हतं, कारण गुरुजी स्वतःच ते रोज सांगत. परिपाठाला एकदा आणि शाळा सुटताना एकदा. "काटेखायेच्या घरात कोणी भेत नाही, अन् काटेखायेच्या शाळेतही कोणी भेणार नाही," असं म्हणून ते मिशीवरून बोट फिरवत आणि समोरची पोरं त्यांच्या छडीकडे बघत माना डोलावत. मारायची बंदी आल्यापासून छडी नुसती धरण्यापुरती उरली होती. पण धरण्याची ऐट कायद्यानं थोडीच जाते?

कोंढा गावावरून आत वळलं की तलावाच्या पाळीला लागून ही शाळा. गुरुजी तिथं शिक्षक म्हणून आले, मुख्याध्यापक झाले आणि आता निवृत्तीला टेकले होते. एवढ्या काळात गावात बिबट्या येऊन गेला, तलाव फुटला, शाळेच्या छपरात साप निघाला, आणि प्रत्येक वेळी गुरुजी पुढं होते. साप निघाला तेव्हा ते टेबलावर उभे होते, असं काही लोक सांगतात. गुरुजींच्या मते ते तिथून सापाची दिशा बघत होते.

त्या उन्हाळ्यात सीमेवर युद्ध पेटलं. सीमा इटानटोलीपासून इतकी लांब, की तिकडचं विमान इकडं चुकूनसुद्धा यायचं नाही. अंगणात मोहफुलं वाळत होती, लग्नं लागत होती, लोक जेवताना टीव्हीवर युद्ध बघत आणि आमरस वाढून घेत. फक्त काटेखायेंच्या घरात घास गळ्याखाली उतरत नव्हता. त्यांचा एकुलता एक अमर सैन्यात होता आणि तो तिकडेच होता. तिकडे म्हणजे नेमका कुठे, ते सांगायची त्याला परवानगी नव्हती.

फोन मात्र संध्याकाळी यायचा. गुरुजी तो स्पीकरवर टाकत.

"कसा आहेस?"

"ठीक आहे, बाबूजी."

"भेव-गिव?"

"नाही, बाबूजी."

"शाब्बास."

संपला फोन. बंद झालेला फोन गुरुजी बराच वेळ हातात धरून बसत, जणू उरलेलं बोलणं त्यात अडकलं असेल आणि आता बाहेर पडेल. अमर सात वर्षांचा असताना अंधाराला भ्यायचा. गुरुजींनी त्याला हातात लोटा देऊन एकट्याला तलावावर पाठवलं होतं. पोरगा गेला, लोटा भरून घेऊन आला, आणि त्यानंतर त्यानं बापाला कधी "भेव लागते" म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतर त्यानं बापाला फारसं काहीच म्हटलं नाही. गुरुजींनी ही गोष्ट पालकसभेत पुष्कळदा अभिमानानं सांगितली होती. आता त्यांना एवढंच हवं होतं, की पोरगा खरंच कसा आहे ते कळावं. आणि नेमकं तेच कसं विचारायचं, हे या मुख्याध्यापकाला येत नव्हतं.

अमरच्या आईनं, कुंताबाईंनी, तर फोनजवळ येणंच सोडलं होतं. फोनवर रडायचं नाही, असा गुरुजींचा नियम होता. "रडाचं नाही, तं मंग मी येऊन का करू? तुमचं 'शाब्बास' आयकू?" एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या होत्या. तेव्हापासून नवरा-बायकोत मीठ-भाकरीपुरतंच बोलणं उरलं होतं.

यंदा परीक्षा लांबल्यानं शाळा वैशाखातही चालू होती. अशात सोमवारी सकाळी शाळेच्या ग्रुपवर आदेश येऊन पडला. युद्धजन्य परिस्थितीत विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची काळजी घ्यावी, त्यांच्या मनातली भीती बोलती करावी, त्यांना धीर द्यावा, भीती व्यक्त केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या शुक्रवारपर्यंत कळवावी आणि सोबत फोटो जोडावेत. शाळेतल्या साधना मोहरकर मॅडमनी याचं ऑनलाइन प्रशिक्षणही घेतलं होतं. मॅडम शहापूरच्या, नोकरीत नव्या, उत्साहानं भरलेल्या. गावात व्हिडिओपुरतं नेट येत नाही म्हणून त्यांनी हे प्रशिक्षण शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून घेतलं होतं. आधी खाली उभं राहून टाकीची भीती घालवली, मग वर चढून मुलांची कशी घालवायची ते शिकल्या.

"सर, मुलांशी आधी मोकळं बोलू या," मॅडम म्हणाल्या.

"बोलाचं कायले? शून्य लिहा."

"पण विचारून तर पाहू."

"विचारल्यानं भेव वाढते, मॅडम. न विचारल्यानं ते उपाशी मरते." गुरुजींनी शून्य लिहून पाठवूनही दिलं.

बुधवारी सकाळी केंद्रप्रमुखांचा फोन. "भैय्याजी, शून्य नाही चालत गा! बाकीच्या शाळांयनं भरभरून भेणारे दिले. तुमचा शून्य पाहून वरचे म्हणतील, यायनं कामच नाही केलं."

"पण माह्या शाळेत भेतच नाही कोणी, तं आणू कुठून?"

"ते तुम्ही पाहा ना जी. अन् फोटोत पोट्टे भेलेले नको. भेव जाऊन राहिल्यासारखे पाहिजेत."

हुकूम म्हटला की गुरुजी माघार घेत नसत. त्यांनी सगळ्या वर्गांना व्हरांड्यात बसवलं, छडी उचलली आणि गर्जना केली, "ज्याले ज्याले युद्धाचं भेव लागते, त्यानं उभं राहावं!"

कोणी हललं नाही. एक पोरगं पायाला मुंगी चावली म्हणून अर्धवट उठलं होतं, तेही घाईनं खाली बसलं.

"अरे, भ्या लवकर! मी काही करत नाही!" गुरुजी छडी हलवत म्हणाले.

शेवटी सातवीतला गोलू उभा राहिला. गोलू नावाप्रमाणे गोल, आणि स्वभावानं परोपकारी. "सर, मी भेतो."

"शाब्बास! कायचं भेव लागते?"

गोलूनं विचार केला. "ते नाही ठाऊक, सर. तुमी म्हनलं, म्हून उभा झालो."

मग गुरुजींनी कारभार हातात घेतला. प्रत्येक ओळीतले कडेचे दोघं भितील, बाकीचे धीट राहतील, असं जाहीर केलं. यावर वर्गप्रमुख उर्वशीनं हात वर केला. ही पोरगी वयानं बारा आणि बोलण्यात वकील. "सर, भेणाऱ्याईले आराम करा लागते का? खिचडी पहिले भेटन का?"

झालं. क्षणात सगळा व्हरांडा उभा राहिला. पहिलीतली पोरं तर भीतीनं नाचायला लागली. शून्य चालत नव्हतं, आणि शंभर टक्के कोण खरं मानणार? गुरुजींनी सगळ्यांना खाली बसवलं आणि युद्ध टिफिनच्या सुट्टीपर्यंत तहकूब केलं.

सुट्टीत ते ऑफिसच्या खिडकीशी आले, तर कडुलिंबाखाली वेगळंच चित्र. मोहरकर मॅडम मातीत फतकल मारून बसल्या होत्या आणि पोरं त्यांच्याभोवती दाटीवाटीनं बसून हळूहळू बोलत होती. गोलू बोलत होता. खिचडी समोर असताना गोलू बोलतो आहे, म्हणजे मामला गंभीर. एक लहान पोरगी डोळे पुसत होती. गुरुजी व्हरांड्यात आले मात्र, उर्वशीनं कोपरानं खूण केली आणि सगळी पोरं एकदम गप्प होऊन खिचडीत बघायला लागली.

आपल्याविरुद्ध तक्रार चालली आहे, अशी गुरुजींची खात्री झाली. निवृत्तीच्या तोंडावर हे कसलं बालंट? त्यांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं.

"का बोलून राहिले होते?"

"सर, ते मी नाही सांगू शकत. मुलांनी विश्वासानं सांगितलं आहे."

"माह्याच शाळेत माह्यापासून चोरी?"

"चोरी नाही, सर. तुमच्यापुढं बोलायचं नाही, असं त्यांचं ठरलं आहे." मॅडम घुटमळल्या. "पण ते आपणहून एक मागताहेत. त्यांना मारबत काढायची आहे."

"मारबत?" गुरुजी खुर्चीतून उठलेच. "वैशाखात?"

गुरुजी का उठले, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी इकडं मारबत निघते. तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, बाई करायची, तिला जुनेर नेसवायचं, खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचं, आणि ज्याला जो त्रास असेल त्यानं तो मोठ्यानं ओरडून तिच्या गळ्यात घालायचा. खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत! मग शिवेबाहेर नेऊन तिला जाळायचं. वर्षभराची पीडा एकाच सकाळी हद्दपार. पण हे पोळ्यालाच, श्रावण सरताना. भर उन्हाळ्यात मारबत म्हणजे होळीला राखी बांधण्यातला प्रकार.

"सर, प्रशिक्षणात तीन तास जे सांगितलं ना, ते हेच होतं," मॅडम म्हणाल्या. "मनातलं मोठ्यानं बोला, नाव घेऊन बोला, चार लोकांत बोला. आणि फोटोही चांगला येईल."

गुरुजींना पटलं ते फोटोचं. शुक्रवार तोंडावर होता.

पण गावातली मारबत उचलायचा मान नत्थूबाबाचा. बाप गेल्यापासून त्यानं तो दुसऱ्या कोणाच्या खांद्याला लागू दिला नव्हता. बातमी कळताच तो काठी टेकत शाळेत हजर झाला.

"गुरुजी, वैशाखात मारबत? ते का चहा हाय, पाहुणा आला का ठेवली?"

"वरून आदेश आहे, नत्थूबाबा."

"आदेशात मारबत लिवली हाय?"

"भेव बाहेर काढा, असं लिहिलं आहे."

"तं भेव काढा. मारबत कायले काढता?" नत्थूबाबानं व्हरांड्यात बैठकच मारली. "बिनावक्ताची उठवली, तं ते का रिकामी जाईन? रागानं दोन पिडा गावातच ठेवून जाईन. मंग मले नको म्हना!"

गोलू दाराशी उभा होता. तो म्हणाला, "बाबा, युद्ध का पोळा पाहून आलं का?"

नत्थूबाबानं पटका काढला, डोकं खाजवलं, पटका परत बांधला. गावात मोठा निर्णय होताना तो असाच व्हायचा. "बरं," तो म्हणाला. "पन एक अट. आमची मारबत पोळ्यालेच निघन. हे सरकारी मारबत हाय, असं सांगजा. मंग तिचा राग सरकारवर जाईन." जाताना उंबरठ्याशी थांबून त्यानं आणखी एक अट घातली, "अन् उचलीन मीच. सरकारी असो का कोनाची असो."

तणीस गोलूच्या घरून आली. डोळ्यांना चुन्याचे ठिपके दिले, कपाळाला कुंकू लावलं. जुनेर मागायला उर्वशी आणि दोघी-तिघी काटेखायेंच्या घरी गेल्या, कारण गुरुजींनी स्वतः बायकोकडे मागणं त्या दिवसांत अवघड होतं. कुंताबाईंनी पोरींचं सगळं ऐकून घेतलं. जुनेर न देता पेटीतलं चांगलं पिवळं लुगडं काढून दिलं. संध्याकाळी गुरुजींना ताट वाढताना त्या म्हणाल्या, "उद्या मी येतो मारबतीले."

"शाळेचा कार्यक्रम आहे तो."

"मारबत शाळेची नसते." आणि भाकरी तव्यावर टाकायला त्या निघून गेल्या.

फोन त्या संध्याकाळीही आला. ठीक आहे, बाबूजी. नाही, बाबूजी. फरक एवढाच, की मागं कसलातरी दणका ऐकू आला आणि अमर मध्येच थांबला. "कायचा आवाज?" गुरुजींनी विचारलं. "काही नाही, बाबूजी." गुरुजी "शाब्बास" म्हणायला गेले, पण फोन आधीच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मारबत निघाली. पुढं नत्थूबाबा, खांद्यावर पिवळ्या लुगड्यातली तणसाची बाई, मागं सगळी शाळा, आणि शाळेमागं जवळजवळ सगळं गाव. पोळ्याची मारबत वर्षातून एकदा बघायला मिळते, सरकारी मारबत जन्मात कोणी पाहिली नव्हती. मॅडम मोबाइल धरून उलट्या पावली चालत होत्या. गुरुजी शेजारून पीटीचा शिक्षक चालावा तसे चालत होते, छातीवर शिट्टी, हातात छडी.

पहिल्यांदा गोलूनं छाती भरून घेतली.

"मोह वेचाले येनारं अस्वल घेऊन जाय गे मारबत!"

"घेऊन जाय गे मारबत!" सगळी पोरं ओरडली. अस्वलाचं खरंच होतं. मोहाच्या दिवसांत ते पहाटे पाळीवर येई.

मग तोंडं मोकळी झाली. गणिताचा पेपर घेऊन जाय. निकाल घेऊन जाय. बोडीच्या पाण्यातलं भूत घेऊन जाय. टीव्हीतला तो ओरडणारा कोटवाला माणूस घेऊन जाय! यावर बायाबापड्याही ओरडल्या, कारण तो माणूस घरोघरी सारखाच ओरडत होता. एका म्हाताऱ्यानं सुनेचं नाव घेतलं, सुनेनं लगेच म्हाताऱ्याचं घेतलं. कोणीतरी बारीक आवाजात "सरची छडी घेऊन जाय गे मारबत" म्हटलं. गुरुजींनी गर्रकन वळून बघितलं, तर सगळी शाळा डोळे मिटून भक्तिभावानं "घेऊन जाय!" म्हणत होती. मोहरकर मॅडमचाही आवाज त्यात ऐकू आल्यासारखा वाटला. गुरुजींनी छडी हळूच पाठीमागं घेतली.

पाळीजवळ वळणावर उर्वशी पुढं आली. ती इतका वेळ ओरडलीच नव्हती. तिनं गुरुजींकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडमनी होकाराची मान हलवली.

"अमरदादाले काही होईन, असं भेव लागते," उर्वशी ओरडली. घोषणा ठेक्यात बसत नव्हती, म्हणून मध्येच तिचा श्वास सरला. तिनं पुन्हा श्वास घेतला. "ते घेऊन जाय गे मारबत!"

आणि जो आवाज उठला तो आधीच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. सगळ्या पोरांची तीच भीती होती. मागच्या सुट्टीत अमरनं त्यांना तलावात पोहायला शिकवलं होतं, कबड्डीचं मैदान आखून दिलं होतं, गोलूला "तू भिंत आहेस आपली" म्हणून संघात घेतलं होतं. पोरं युद्धाला भीतच होती. ती बोलत नव्हती एवढ्यासाठी, की ज्यांचा पोरगा तिकडे आहे त्यांच्यापुढं बोलायचं नाही. कडुलिंबाखाली खालच्या आवाजात चाललं होतं ते हे. गुरुजींपासून लपवलं होतं ते हे. एवढीएवढीशी पोरं इतके दिवस गुरुजींना सांभाळत होती, आणि गुरुजी त्यांना दर ओळीतून दोघं भ्या म्हणून सांगत होते.

"अमरदादाचं भेव घेऊन जाय गे मारबत!" गोलूनं ते ठेक्यात बसवून घेतलं. आता गावच ओरडत होतं. गुरुजींना कुंताबाईंचा आवाज ऐकू आला. त्या पदर कमरेला खोचून, मान वर करून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, शिव्या द्याव्या तशा ओरडत होत्या. फोनवर जे जे रडू दिलं नव्हतं ते सगळं त्या मारबतीच्या अंगावर फेकत होत्या.

शिवेवर नत्थूबाबानं बाईला उभं केलं आणि काडी ओढायच्या आधी सगळ्यांकडे बघितलं. "कोनाचं काही ऱ्हायलं असन, तं बोलून घ्या. मंग मागं पाहाचं नाही."

सगळ्यांचं बोलून झालं होतं. एका माणसाचं सोडून. आणि सगळं गाव शहाणं असल्यामुळे कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे तलावाकडे बघत होते, तलावात पाणी नसतानाही. गुरुजींनी तोंड उघडलं. आत शब्द होते. अगदी ओठांपर्यंत आले होते. आणि गुरुजींच्या तोंडातून खणखणीत आवाजात निघालं, "ओळीत उभे राहा! फोटो काढून घ्या!"

तणीस भडकन पेटली. कुंताबाई नवऱ्याकडे न बघता पोरींबरोबर गावाकडे चालू लागल्या.

अहवाल गेला. केंद्रप्रमुखांचा फोन आला, ते खूश होते. "फस क्लास, भैय्याजी! असे फोटो तालुक्यात कोणाचे नाहीत. एक फोटो फक्त बदला. त्यात पोट्टे बरोबर हासून राहिले, पण मधात तुम्ही उभे आहा ना, तुमचाच चेहरा भेल्यासारखा दिसून राहिला."

"बदलत नाही," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला. वरिष्ठांशी असं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ. थोडा वेळ त्यांना त्याचीही भीती वाटली.

संध्याकाळी ते ओसरीवर फोन समोर ठेवून बसले. कुंताबाई आत तांदूळ निवडत होत्या, पण तांदूळ निवडण्याचा आवाज काही येत नव्हता. फोन वाजला. गुरुजींनी स्पीकर लावला.

"कसा आहेस?"

"ठीक आहे, बाबूजी."

आता पुढचा प्रश्न भेव-गिवचा. गुरुजींनी घसा साफ केला. घसा दुसऱ्यांदा साफ केला. अमर म्हणाला, "बाबूजी? आवाज नाही येऊन राहिला."

"येऊन राहिला," गुरुजी म्हणाले. "अमर, मी ठीक नाही."

"काहून? का झालं? बीपी वाढला का? आई कुठी हाय?"

"बीपी नाही." गुरुजींनी डोळे मिटून घेतले, सकाळी पोरांनी मिटले होते तसे. "मले भेव लागते, बापा. तुह्यं. दिवसभर लागते. शाळेत लागते, जेवताना लागते. हे फोन बंद झाला का लई लागते."

गुरुजींनी फोन उचलून कानाला लावला.

"बाबूजी," अमर म्हणाला, आणि तो आवाज सैनिकाचा नव्हता, "मलेही लागते."

गुरुजींनी फोन दोन्ही हातांनी धरला. "गोळ्याईचं?"

"गोळ्याईचंही लागते. पन त्याची आदत होते जी. इथं समदेच भेते, आमी एकमेकाले सांगतो, मंग थोडं कमी होते. तुमाले सांगाचं जास्त भेव लागत होतं."

या वाक्यावर गुरुजींनी काय करायचं? शाब्बास म्हणायचं? ते आयुष्यभर पोरांच्या उत्तरांना गुण देत आले, याला द्यायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यांना रडू आलं. चांगलं मोठ्यानं, नाक-तोंड एक करून. फोनवर रडायचं नाही हा नियम करणारा माणूस स्पीकर लावून रडत होता आणि शेजारच्या अंगणातली माणसं मोहफुलं उलटी-पालटी करायचं थांबून उभी होती.

कुंताबाई बाहेर आल्या. सुपातले तांदूळ ओसरीभर सांडले, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "अमर, मी बोलतो, आई," त्या नवऱ्याच्या हातातला फोन न घेता त्याच्यासकट जवळ ओढत म्हणाल्या. "जेवला का तू? खरं सांगजो."

"नाही वो आई. जेवावंच वाटत नाही," अमर म्हणाला, आणि मग तो बोलायलाच लागला. रात्री जनरेटर बंद झाला की काय होतं ते. बाजूचा केरळचा पोरगा झोपेत कसा बोलतो, आणि ती भाषा कळत नसूनही काय बोलतो ते कसं कळतं. काल तो दणका झाला तेव्हा तोंडातून पहिला शब्द कोणता निघाला ते. गुरुजी मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होते. एवढंच म्हणायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

फोननं बॅटरी संपत आल्याची टुकटुक केली. कुंताबाईंनी धावत जाऊन चार्जर आणला आणि ओसरीच्या बोर्डात लावला. वायर आखूड होती. म्हणून मग दोघंही सांडलेल्या तांदळातच भिंतीला टेकून खाली बसले.